छडी गेली, काठी राहू द्या

जुलै २०२३ मध्ये भारतीय नौदलाने एक आदेश काढला. यापुढे कोणीही, मग तो अधिकारी असो की शिस्त राखणाऱ्या प्रोव्होस्ट विभागातील कर्मचारी, हाती बॅटन म्हणजे छडी बाळगणार नाही. छडीतून होणारे सत्तेचे प्रदर्शन हा वसाहतकाळाचा वारसा असून आजच्या नौदलात त्याला स्थान नाही, असे कारण त्यात दिले होते. प्रत्येक तुकडीच्या प्रमुखाच्या कार्यालयात एक मानाची छडी राहील आणि पदभार सोपवताना ती तेथेच, कार्यालयाच्या चार भिंतींच्या आत, नव्या प्रमुखाच्या हाती दिली जाईल, एवढी मुभा मात्र ठेवण्यात आली. त्यापूर्वी २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे ‘विक्रांत’ राष्ट्रार्पण होत असताना नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस उतरला होता आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली अष्टकोनी चौकट तेथे आली होती. छडीचा निर्णय हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय.

या निर्णयावर दोन प्रकारची कुजबुज ऐकू आली. पहिली अपेक्षितच होती. ज्यांना साहेबाची प्रत्येक वस्तू सभ्यतेची खूण वाटते त्या मंडळींनी विचारले, छडीने काय घोडे मारले होते? दुसरी कुजबुज आपल्याच गोटातील, आणि आम्हांला तिचीच अधिक चिंता वाटते. ‘छडीच का? कवायतीच्या मैदानावर सुभेदार-हवालदारांच्या हातात असणारी ती पेस स्टिकही इंग्रजांचीच. तीही फेका!’ असे म्हणणारे आमचे मित्र आहेत. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही, पण त्यांच्या माहितीविषयी आहे. इंग्रजांच्या सैन्यात सार्जंटच्या हाती एकच काठी कधी नव्हती. निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या कामांसाठी तीन जातींच्या काठ्या तेथे वावरल्या. एक मारण्याची, एक मिरवण्याची आणि एक मोजण्याची. तिन्हींना एकाच गाठोड्यात बांधून समुद्रार्पण करणे म्हणजे भुशाबरोबर धान्यही उधळणे होय.

मारण्याची काठी सर्वांत जुनी. रोमन सैन्यात शंभरांच्या तुकडीचा नायक, ज्याला सेंच्युरियन म्हणत, त्याच्या हाती द्राक्षवेलीच्या लाकडाची काठी असे. ती त्याच्या हुद्द्याची निशाणी आणि शिक्षेचे साधनही. टॅसिटस या इतिहासकाराने एका ल्युसिलियसची हकीकत सांगितली आहे. शिपायांच्या पाठीवर काठी मोडली की हा पठ्ठ्या लगेच दुसरी मागवी, म्हणून शिपायांनी त्याचे नावच ‘दुसरी आणा’ असे पाडले होते. इ. स. १४ मध्ये पॅनोनियातील फौजांनी बंड केले तेव्हा त्या शिपायांनी पहिल्याच सपाट्यात ज्यांना ठार केले त्यांत हा होता. सत्ता आणि मार यांची गाठ एकाच लाकडात बांधली की काय होते, याचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा दाखला.

युरोपातील पुढच्या सैन्यांनी हा वारसा इमानाने चालवला. अठराव्या शतकातील इंग्रज सार्जंटच्या हाती हॅल्बर्ड म्हणजे परशू बसवलेला लांब भाला असे. रांग सरळ करण्यासाठी तो उपयोगी पडे, तसाच आणखी एका कामासाठीही. हे भाले तिकाटण्यासारखे उभे करून त्यांना शिपायाचे हात बांधीत आणि त्याच्या उघड्या पाठीवर चाबूक चालवीत. ‘हॅल्बर्डकडे नेणे’ म्हणजे फटके मारणे, असा वाक्प्रचारच त्या सैन्यात रूढ झाला होता.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो, आणि तो सविस्तर सांगितला पाहिजे, कारण आपल्याकडे तो फारसा कोणी सांगत नाही. १८३५ साली गव्हर्नर जनरल बेंटिंक याने हिंदी शिपायांची फटक्यांची शिक्षा बंद केली. हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. काही काळ तर अशी विचित्र स्थिती होती की गोऱ्या शिपायाच्या पाठीवर चाबूक चाले आणि हिंदी शिपायाच्या पाठीवर नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांना हे सलले. दहा वर्षांनी, १८४५ मध्ये, हार्डिंजच्या कारकिर्दीत ही शिक्षा हिंदी शिपायांवर पुन्हा लादण्यात आली. पुढे इंग्लंडात लोकमत जागे झाले, पार्लमेंटात वाद झाले आणि १८८१ मध्ये ब्रिटिश सैन्यातून फटके कायमचे हद्दपार झाले. हिंदी सैन्यातून ते केव्हा गेले? १९२० मध्ये! इंग्रज शिपायाची पाठ माणसाची ठरल्यानंतर आमच्या शिपायाची पाठ माणसाची ठरायला एकोणचाळीस वर्षे लागली. त्या एकोणचाळीस वर्षांत पहिले महायुद्ध होऊन गेले. फ्रान्समधल्या चिखलात, मेसोपोटेमियाच्या उन्हात, गॅलिपोलीच्या कड्यांवर आमचे शिपाई मेले, पदके घेऊन आले. आणि तरीही ज्या कायद्याखाली ते लढत होते त्या कायद्यात त्यांच्यासाठी फटक्यांची तरतूद शाबूत होती. ‘छडीने काय घोडे मारले’ असे विचारणाऱ्यांनी हे दोन सन शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

स्वतंत्र भारताने या प्रश्नाचा निकाल कायद्याने लावला आहे. १९५० च्या सेना अधिनियमाचे ४७ वे कलम सांगते की अधिकारी असो, कनिष्ठ आयुक्त अधिकारी असो वा हवालदार-नाईक असो, त्याने हाताखालच्या माणसावर बळाचा गुन्हेगारी वापर केला किंवा त्याला वाईट वागवले तर लष्करी न्यायालय त्याला सात वर्षांपर्यंत कारावास देऊ शकते. मारणारी काठी आमच्या सैन्यात कायद्याने केव्हाच मोडलेली आहे.

आता मिरवण्याची छडी. हिला इंग्रजीत स्वॅगर स्टिक म्हणतात, आणि ‘स्वॅगर’ या शब्दाचा अर्थच ऐटीत चालणे असा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत साध्या इंग्रज शिपायालाही बराकीबाहेर फिरायला जाताना वेताची आखूड छडी हाती घ्यावी लागे. तिच्या टोकाला पलटणीचे चिन्ह कोरलेली धातूची मूठ असे. कारण मोठे गमतीचे होते. हातात काही असले म्हणजे शिपाई खिशात हात घालून पोक काढून चालत नाही! अधिकाऱ्यांच्या छड्या अर्थात अधिक देखण्या असत. घोडदळवाले घोड्याचा चाबूक बाळगीत, आयरिश पलटणी काटेरी ब्लॅकथॉर्नच्या काठ्या. पहिल्या महायुद्धात रणगाडादलाच्या अधिकाऱ्यांनी अ‍ॅश झाडाच्या लांब काठ्या घेतल्या, कारण रणगाड्यापुढे चालून चिखल किती खोल आहे हे टोचून पाहावे लागे. ही शेवटची काठी मात्र आम्हांला प्रामाणिक वाटते. तिला काम होते.

इंग्लंडात जी छडी खिशातले हात बाहेर काढण्यासाठी होती ती हिंदुस्थानात येताच तिचा अर्थ पालटला. पुणे, कामठी, देवळाली अशा छावण्यांच्या सदर बाजारातून छडी हलवीत जाणारा गोरा सार्जंट मनाशी काहीही म्हणत असेल. वाटेवरच्या दुकानदाराला, टांगेवाल्याला आणि हमालाला ती छडी एकच गोष्ट सांगत होती की, मी तुला हात न लावताही हाकू शकतो. वस्तू तीच, पण परतंत्र देशात ती वेगळी भाषा बोलते. आणि साहेब गेल्यावर ती काखेत कोणी घेतली? आमच्याच माणसांनी. केवळ सैन्याधिकाऱ्यांनी नव्हे. तिची अदृश्य आवृत्ती कितीतरी सरकारी कचेऱ्यांत आजही दिसते. टेबलापलीकडच्या वृद्ध शेतकऱ्याला उभे ठेवून बोलणाऱ्या साहेबाच्या काखेत छडी नसते, पण काख तशीच आवळलेली असते.

अमेरिकेच्या मरीन दलातही ही छडी होती. १९५६ मध्ये तेथील प्रमुखाने तिला उत्तेजन दिले. १९६० मध्ये डेव्हिड शूप हे प्रमुख झाले आणि त्यांनी ती ऐच्छिक केली. ज्याला गरज वाटेल त्याने बाळगावी, असा त्यांचा रोख होता. आपल्याला छडीची गरज आहे, हे चारचौघांत कबूल करायला कोण पुढे येणार? छडी पाहता पाहता दिसेनाशी झाली. आमच्या नौदलाने तिची रवानगी प्रमुखाच्या दालनात केली, हेही शहाणपणाचेच झाले. नौदलाच्या आदेशाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो आणि अन्य गणवेशधारी दलांनीही तो कित्ता गिरवावा असे आमचे मत आहे.

परंतु येथेच थांबायला हवे, कारण तिसरी काठी निराळ्या कुळातली आहे.

पेस स्टिक म्हणजे पावलाची काठी. जवळपास तीन फूट लांबीचे दोन लाकडी पाय वरच्या टोकाला बिजागरीने जोडलेले, मध्ये पितळेची पट्टी आणि तिच्यावर खाचा. शाळेच्या कंपासपेटीतले कर्कटक मोठे करून डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे ती कशी दिसते हे कळेल. ब्रिटिश तोफखाना तिच्या जनकत्वाचा मान सांगतो. मैदानी तोफा मांडताना दोन तोफांमधले अंतर नेमके राहावे म्हणून तोफखान्याचे लोक ती वापरीत. पुढे पायदळाने ती कवायतीसाठी उचलली. पट्टी योग्य खाचेत अडकवली की दोन्ही पायांच्या टोकांमधले अंतर पक्के होते. नेहमीच्या चालीसाठी तीस इंच, आखूड पावलासाठी एकवीस, लांब पावलासाठी तेहेतीस, दौडीसाठी चाळीस, बाजूच्या पावलासाठी बारा. मग सार्जंट तिला शेजारी फिरवीत चालतो. काठीचा एक पाय पुढे पडतो, मग दुसरा, आणि तिच्या प्रत्येक टप्प्याबरोबर त्याचे पाऊल पडते. काम नसले की ती मिटून डाव्या काखेत आडवी.

हा खटाटोप कशासाठी, असे ज्यांना वाटते त्यांनी साधा हिशेब करावा. मिनिटाला १२० पावले आणि पाऊल तीस इंचांचे, तर मिनिटात ३६०० इंच म्हणजे बरोबर शंभर यार्ड अंतर कापले जाते. एखाद्याचे पाऊल एका इंचाने आखूड पडले तर एका मिनिटात तो रांगेच्या दहा फूट मागे राहील. सेनापतीने दहा मैलांवरचा पूल पहाटेपूर्वी गाठण्याचा बेत आखला असेल तर तो या एका इंचावर उभा असतो. आज सैन्य वाहनांतून जाते हे खरे. पण शेकडो माणसांनी एका मापाने, एका वेळी, एक हालचाल करणे ही सवय लावण्याची जागा अजूनही कवायतीचे मैदानच आहे.

इंग्रजांनी या काठीचे शास्त्र बनवले. ग्रेनेडियर गार्ड्स पलटणीचे सार्जंट-मेजर ब्रँड यांनी १९२८ मध्ये सँडहर्स्टला तिच्या कवायतीची पद्धत बसवली आणि १९५२ मध्ये तेथील अकादमी सार्जंट-मेजर जॉन लॉर्ड यांनी तिची स्पर्धा सुरू केली. या लॉर्डची कथा आमच्या मुद्द्याला धरूनच आहे. १९४४ मध्ये आर्नहेमच्या लढाईत तो जर्मनांच्या हाती सापडला आणि फालिंगबोस्टेलच्या बंदिछावणीत टाकला गेला. उपाशी, आजारी, खचलेले कैदी. काखेत मिरवण्यासारखी कसली सत्ता उरलेली नाही. तरीही त्याने दाढी करणे, स्वच्छता, व्यायाम, मेलेल्यांचे रीतसर दफन हे सारे नेटाने चालू ठेवले. एप्रिल १९४५ मध्ये दोस्तांचे सैन्य तेथे पोचले तेव्हा दारावर कडक गणवेशातील कैद्यांचाच पहारा उभा होता. त्याच माणसाने पुढे पेस स्टिकची स्पर्धा सुरू करावी, हा आम्हांला योगायोग वाटत नाही. स्वतःला मापात ठेवू शकणाराच इतरांच्या पावलांची मापे काढू शकतो.

येथे एक व्यक्तिगत आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात आमचे उस्ताद एक मध्यमवयीन हवालदार होते. आमची पावले रोज वाकडीतिकडी पडत. एके दिवशी त्यांनी पेस स्टिक उघडली आणि आम्हांला काही न सांगता मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटेच चालून गेले. परत आले आणि म्हणाले, ‘अब तुम.’ त्यांच्या बुटांच्या टाचांचे ठसे धुळीत सारख्या अंतराने उमटले होते. त्या काठीने त्यांनी आम्हांला कधी ढोसले नाही, कधी धाक दाखवला नाही. ती काठी सर्वांत आधी त्यांच्याच पायांवर नजर ठेवीत होती. छडी आणि काठी यांतला भेद आम्हांला त्या दिवशी उमगला.

‘पण ती इंग्रजांची!’ हा आक्षेप उरतोच. तो आपल्या परंपरेच्या अज्ञानातून येतो, असे आम्ही नम्रपणे म्हणतो. ‘दंड’ हा शब्द घ्या. कौटिल्याच्या सप्तांगात स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश यांच्यानंतर येणारा दंड म्हणजे सैन्य. दंड म्हणजे शिक्षा, दंड म्हणजे काठी. आणि त्याच अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, जेथे मानाध्यक्षाची म्हणजे मापांवरील अधिकाऱ्याची कर्तव्ये येतात, तेथे दंड हे लांबीचे माप आहे. चोवीस अंगुळांचा हात आणि चार हातांचा, म्हणजे शहाण्णव अंगुळांचा, एक दंड. सैन्य, शिक्षा, काठी आणि माप ही चारही ज्या भाषेत एकाच शब्दात नांदतात, त्या भाषेच्या वारसांना मोजणारी काठी परकी कशी वाटावी?

आणि शिवशाही काठी? सभासदाच्या बखरीत तिचे माप स्वच्छ नोंदलेले आहे. पाच हात आणि पाच मुठी, म्हणजे ब्याऐंशी तसूंची काठी. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली या काठीने स्वराज्याची जमीन मोजली गेली. गावोगावी जमीनदार-वतनदार मनाला येईल तसा धारा उकळीत होते. त्यांच्या मनमानीपुढे महाराजांनी ठेवली ती एक ठराविक लांबीची काठी. रयतेच्या पाठीवर पडणारी काठी तिला ठाऊक होती. रयतेच्या शेताच्या बांधावर पडणारी आणि सर्वांना सारखीच लागू होणारी काठी तिने तेव्हा पाहिली. राजा न्यायी आहे हे शेतकऱ्याला कळते ते अशा काठीवरून. ज्या राजमुद्रेची चौकट आपण नौदलाच्या ध्वजावर आणली, त्याच राजाच्या कारभारातील ही काठी आपण विसरायची काय?

परकीय विद्या घेण्यात हीनता नाही, हेही आपल्याच इतिहासाने शिकवले आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय सरदाराकडून कवायती पलटणी उभारून घेतल्या. त्यांना आपण कंपू म्हणतो, आणि हा शब्द आता मराठीच झाला आहे. कंपूंची धार काय होती हे २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात वेलस्लीला पुरेपूर कळले. ती लढाई आपण हरलो, पण कवायतीमुळे नव्हे. धर्मवीर डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल काढले तेव्हा हिंदू तरुणाने आधुनिक सैनिकी शिक्षण घ्यावे हाच त्यांचा ध्यास होता. सैनिकी शिस्त साहेबानेही अंगी बाणवली म्हणून ती अस्पृश्य मानण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. नेताजींच्या आझाद हिंद सेनेने कवायतीचे हुकूम हिंदुस्थानीत आणले आणि कवायत कायम ठेवली. काय टाकावे व काय ठेवावे हे त्यांना नेमके कळत होते.

तेव्हा आमच्या मित्रांना एवढेच विनवणे आहे की, वसाहतीच्या खुणा पुसण्याच्या कामात चाळण हाती असू द्यावी. एखादी वस्तू कोठून आली हा पहिला प्रश्न जरूर विचारावा, पण तो शेवटचा नव्हे. ती ज्याच्या हातात आहे त्याला ती काय करायला लावते, हेही विचारावे. छडी हातात घेणाऱ्याला वाटते की आपण समोरच्यापेक्षा उंच आहोत. पेस स्टिक हाती घेणाऱ्याला आपले पाऊल तीस इंचांवर आणावे लागते. अधिकाऱ्यांच्या काखेतील शोभेच्या छडीला आणि हवालदाराच्या हातातील कामाच्या काठीला एकाच आदेशाने निरोप दिला तर त्यात तोटा हवालदाराचा होईल. छडीवाल्याचा हुद्दा खांद्यावर आहेच. उस्तादाचे मात्र हत्यारच जाईल.

या काठीला आपले नाव द्यायचे असेल तर खुशाल द्यावे, पाऊलदंड म्हणा, पदमान म्हणा; भाषाशुद्धीच्या कार्यकर्त्यांना सुचेल ते नाव आम्हांला मान्य आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आणि देहरादूनच्या अकादमीत मुलांना ही काठी दाखवताना तिच्यासोबत शिवशाही काठीचे आणि कौटिल्याच्या दंडाचे मापही शिकवावे. शिकवायला तेवढाच एक तास लागेल.

आणि निवृत्त झालेल्या छड्यांचे काय? त्या जाळू नयेत, लिलावात विकू नयेत. एखादी छडी संग्रहालयाच्या काचेच्या पेटीत ठेवावी, आणि तिच्याखालच्या पाटीवर पलटणीचे नाव, वेताची जात आणि मुठीचा धातू यांबरोबर चार सन ठळक अक्षरांत लिहावेत : १८३५, १८४५, १८८१, १९२०. प्रत्येक सनापुढे त्या वर्षी कोणाच्या पाठीचे काय ठरले, ते एका ओळीत.